कोयता बाहेर ठेवून

घोडेगाव मागं टाकलं की रस्ता डिंभे धरणाच्या कडेकडेनं वळणं घेऊ लागतो. या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवा झालेला बाबू गेनू याच आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. तालुक्याला ज्याचं नाव आहे ते जुनं आंबेगाव मात्र आज या पाण्याखाली आहे. पाण्याची सोबत सुटली की चढ लागतो, नाचणी-वरईची खाचरं दिसू लागतात आणि सह्याद्रीच्या माथ्यावर, अगदी कड्याच्या काठाला, आहुपे येतं. महादेव कोळ्यांचं गाव. पलीकडे जमीनच संपते, खाली थेट कोकण.

मला पाहायची होती ती भैरवनाथाची देवराई. एक अख्खा दिवस तिच्यात आणि तिच्या भोवतीनं चालायचं, एवढाच बेत होता. सोबतीला मामा होते. ते खरे माझ्या मैत्रिणीचे मामा, पण या भागात मैत्रिणीचा मामा तो आपलाही मामाच. वय सत्तरीच्या पुढे, पायात टायरच्या चपला, कमरेच्या आकडीत कोयता. कार्तिक लागला होता. खळ्यांवर झोडणी चालू होती, धुकं वर सरकत होतं आणि वाटेच्या कडेचं गवत पिवळं पडायला लागलं होतं.

गावापासून राईपर्यंतची वाट नीट पाहावी अशी आहे. दोन्ही बाजूंची झाडं खुरटी, फांद्या जागोजाग छाटलेल्या. इथं भाताच्या-नाचणीच्या रोपांसाठी राब भाजतात. झाडाच्या डहाळ्या तोडायच्या, वाळवायच्या, पाऊस येण्याआधी रोपाच्या जागेवर पसरून पेटवायच्या, मग त्या राखेत बी फेकायचं. वर्षानुवर्षं हेच चाललेलं, त्यामुळे झाडाला वर जायला उसंतच मिळत नाही. मधेच एखादा हिरडा तेवढा डेरेदार उभा. त्याच्या फांदीला कुणी हात लावत नाही, कारण उन्हाळ्यात कोवळी फळं झोडून, वाळवून बाळहिरडा विकायचा असतो. वर्षाच्या मीठ-मिरचीला, मुलांच्या वह्यांना तोच पैसा. म्हणजे जे झाड पोट भरतं ते राखलं जातं, हे वाटेवरच दिसतं. मग जे झाड बाजारात काहीच देत नाही ते कोण राखणार?

पुढच्या वळणावर देवराई सुरू झाली. कुंपण नाही, भिंत नाही, वनखात्याची पाटी असायला हवी तीही नजरेला पडली नाही. तरी हद्द कुठं आहे हे विचारावं लागलं नाही. अलीकडे खुरटं रान आणि दोन पावलांवर एकदम सावली. मामांनी चपला काढल्या, कमरेचा कोयता काढून एका दगडाआड ठेवला, आणि माझ्याकडे पाहिलं. मीही बूट काढले.

"आत लोखंड न्यायचं न्हाई," ते म्हणाले. "हातात आसलं का हात शिवशिवतो."

एवढी सरळ मीमांसा मी कुठल्या वनकायद्याच्या पुस्तकात वाचलेली नाही.

आत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो पायांखालचा गारवा. बाहेरची माती कार्तिकातच तडकायला लागली होती. इथं पाचोळ्याचा थर घोट्यापर्यंत येत होता आणि खालून ओल लागत होती. जांभूळ, अंजन आणि पिसा ही भीमाशंकर-महाबळेश्वरच्या माथ्यावरच्या सदाहरित रानाची ओळखीची त्रयी. बुंध्यांवर शेवाळ, शेवाळात नेचे, वर फांद्यांच्या बेचक्यांत आमरी. पडलेली झाडं पडल्या जागी होती. एका आडव्या खोडावर तर तीन वेगवेगळ्या जातींची रोपं रुजलेली दिसली, आणि त्यांतल्या एकाची मुळं खोडाला कवेत घेऊन जमिनीपर्यंत पोचली होती. सरपणाचं एवढं मोठं लाकूड गावापासून हाकेच्या अंतरावर कुजत पडलंय आणि कुणी ते उचललेलं नाही, ही गोष्ट डोक्यावर मोळी घेऊन रोज डोंगर उतरणाऱ्या बाईला विचारा म्हणजे तिची किंमत कळेल.

याच कुजक्या लाकडाचं आणखी एक नवल आहे. भीमाशंकरच्या रानात भर पावसाळ्यात, काळोख्या रात्री, ओलं लाकूड आणि पाचोळा हिरवट उजेडानं चमकतो. ती करणी बुरशीची. शास्त्रज्ञ तिला मायसेना म्हणतात. मामांच्या लहानपणी घरात सांगत, की राईत देवाचे दिवे लागले, आता तिकडे फिरकायचं नाही. बुरशी कळल्यानं त्या दिव्यांची माझी ओढ कमी झालेली नाही. उलट, दिवे लागायचे तर लाकूड कुजू द्यायला हवं आणि कुजू द्यायचं तर ते देवाचं असायला हवं, ही साखळी कळल्यावर तर ते दिवे पाहायला आषाढात यायचं असं ठरवूनच टाकलं.

देवळापाशी मामांनी हात जोडले, वाऱ्याशी बोलावं तसं काहीतरी पुटपुटले. मग मला राईच्या खोल बाजूला घेऊन गेले. तिथं गारंबी होती.

गारंबी ही वेल आहे हे आधी डोळ्यांना पटत नाही. जमिनीलगत तिचा दांडा माझ्या मांडीपेक्षा जाड होता. तो पीळ घेत एका जांभळावर चढला होता, तिथून दुसऱ्यावर, मग पुन्हा खाली झुकून जमिनीला टेकून तिसऱ्या झाडावर. तिचं मूळ कुठलं आणि शेंडा कुठला हे शोधायला मी बराच वेळ तिच्या खालून फिरले. साल खडबडीत, भेगाळलेली. पिळाच्या खाचेत मुंग्यांची वाट आणि साचलेलं दहिवर. वर पानांत हिरव्या शेंगा लोंबत होत्या, प्रत्येक जवळपास हातभर लांब, बी जिथं आहे तिथं फुगीर आणि मधे आवळलेली. मामांनी पाचोळ्यातून गेल्या साली पडलेली एक बी शोधून माझ्या तळहातावर ठेवली. चपटी, गोल, गडद तपकिरी, घासून चमकवल्यासारखी गुळगुळीत आणि आकाराच्या मानानं हलकी. आत पोकळी असते म्हणून ती पाण्यावर तरंगते. गारंबीच्या कुळातल्या बिया ओढ्यांतून नदीत, नदीतून समुद्रात जातात आणि महिनोन्‌महिने तरंगत पार दूरच्या किनाऱ्यांना लागतात. मी ती उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. मामांनी ती जिथून उचलली होती तिथंच, पाचोळा बाजूला सारून, ठेवली.

या वेलीची साल गुराला साप चावल्यावर औषध म्हणून वापरतात. सह्याद्रीतल्या देवराया हिंडून पाहणाऱ्या माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी नोंदवलं आहे की एका देवराईत अशी एकुलती एक गारंबी उरली होती आणि तिच्या सालीसाठी लोक लांबलांबच्या गावांहून येत. औषधाचा गुण किती हे बाजूला ठेवू. आसपासच्या सगळ्या मुलखातून ती वेल गेली होती आणि एका देवाच्या आवारात तेवढी राहिली होती, हे मला फार मोठं वाटतं. गाडगीळ १९७१ साली हार्वर्डहून परतले ते तिशीच्या उंबरठ्यावर. वर्तक पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतले जाणते वनस्पतीतज्ज्ञ. गावोगाव जाऊन, लोकांशी बोलून दोघांनी महाराष्ट्रातल्या देवरायांची यादी केली. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या यादीत २३३ देवराया आहेत. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी या गावच्या लोकांनी तर आपली राई तोडली जाऊ नये म्हणून याच मंडळींकडे धाव घेतली होती. त्यांचं म्हणणं साधं होतं: राई गेली तर आमचा ओढा जाईल.

एका मोकळ्याशा जागी, मुळांवर टेकून, आम्ही भाकरी खाल्ली. तिथं मामांनी चकव्याची गोष्ट सांगितली. त्यांच्या आज्याच्या वेळी परमुलखातला एक माणूस रात्री राईत लाकूड तोडायला शिरला. एक फांदी तोडली, खांद्यावर घेतली आणि निघाला. चालला, चालला, पुन्हा त्याच झाडापाशी. दुसऱ्या बाजूनं गेला, तरी त्याच झाडापाशी. रात्रभर तो असाच फिरत राहिला. पहाटे कोंबडं आरवलं तेव्हा गावकऱ्यांना तो राईच्या मधोमध बसलेला सापडला, खांद्यावर फांदी तशीच. गावकऱ्यांनी त्याला मारलं नाही, पोलिसात दिलं नाही. फांदी देवापुढे ठेवायला लावली, नारळ फोडायला लावला आणि वाटेला लावलं.

"मंग तो माणूस?"

"त्यानं फुडं आपल्या गावात जाऊन सांगितलं की! त्या गावचं कुणी पुन्यांदा आलं न्हाई."

लाकूडचोर चकव्यात सापडल्याची, झाडावर घाव घातल्यावर रक्त आल्याची, तोडणाऱ्याच्या घरी आजार शिरल्याची, रात्री देव वाघावर बसून हद्द फिरतो म्हणून त्या वाटेला न जाण्याची अशा गोष्टी सह्याद्रीत देवराईगणिक आहेत. वसुबारसेच्या दिवशी महादेव कोळी वाघोबाला पुजतात, वाघबारस म्हणतात तिला. त्या वाघोबाचाही या पहाऱ्यात वाटा असतो. अशा गोष्टींकडे आपण दोन तऱ्हांनी पाहतो. एक तर अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकतो, नाहीतर आदिवासींचं शहाणपण म्हणून हार घालतो. मला दोन्ही पटत नाही. चकव्याची ती गोष्ट नीट ऐकली तर तिच्यात गुन्हा आहे, तपास आहे, शिक्षा आहे, भरपाई आहे आणि शेजारच्या गावाला पोचलेली ताकीदही आहे. तिला पहारेकरी लागत नाही, पावतीपुस्तक लागत नाही. ती पाच वर्षांच्या पोराला कळते आणि ऐंशी वर्षांच्या म्हातारीला पाठ असते. मी तिला कायदा म्हणते, आणि चांगला चाललेला कायदा म्हणते.

त्याच्या शेजारी दुसरा कायदा ठेवून पाहावा. इंग्रजांनी १८६४ साली डीट्रिच ब्रँडिस यांना वनखात्याचे पहिले महानिरीक्षक नेमलं, १८७८ साली वनांचा मोठा कायदा आला आणि डोंगरची रानं सरकारी राखीव झाली. ज्यांची गुरं तिथं चरत, जे तिथून लाकूडफाटा आणत, ते एका दिवसात आपल्याच रानात चोर ठरले. त्या ब्रँडिसांनीही देवरायांची दखल घेऊन ठेवली आहे, कारण जुनं, अस्पर्श रान पाहायचं तर ते तिथंच सापडत होतं. आणि हा प्रकार किती जुना? दामोदर कोसंबी पुण्याभोवतीचा मावळ पायी हिंडले, आणि देवींची काही ठाणी नांगराची शेती येण्याच्याही आधीची असावीत असं त्यांनी १९६२ सालच्या 'मिथ अँड रिअॅलिटी'त मांडलं. इथल्या बुंध्यांखाली बसल्यावर ते मानायला जड जात नाही.

पण या कायद्याची सगळीच कलमं मला मान्य नाहीत. काही देवरायांत बायकांना पाऊल टाकायची मुभा नाही. पुष्कळ ठिकाणी विटाळाच्या दिवसांत बंदी आहे. मी मामांना विचारलं, आमच्या जाण्यानं झाडाचं काय बिघडतं? ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "झाडाचं काय न्हाई बिघडत. मानसांचंच हाय ते." माझंही तेच म्हणणं आहे. माणसांनी घातलेलं कलम माणसांनी काढावं. त्यानं कोयता बाहेर ठेवण्याचं कलम दुबळं होत नाही.

दुपारी वर कुठंतरी कट्कट् असा आवाज सुरू झाला. मामांनी बोट दाखवलं. शेकरू. आधी शेपूट दिसली, झुपकेदार आणि फिकट टोकाची, मग तांबूस पाठ. ते एका जांभळाच्या फांदीवर उलटं लटकून काहीतरी कुरतडत होतं. मग ते धावलं आणि पुढच्या झाडावर झेपावलं, तिथून पुढच्या. जमिनीवर उतरायचा प्रश्नच नाही. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली झालं, १३०.७८ चौरस किलोमीटरचं, आणि ते प्रामुख्यानं या शेकरूसाठी. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी जगतो तो फांदीला फांदी भिडलेली असेल तोवरच. तो घरटंही एकच बांधत नाही, तीन-चार बांधतो, वेगवेगळ्या झाडांवर. मधली दोन झाडं पडली, तेवढ्या जागेत पत्र्याची शेड झाली किंवा गाड्या लावायला जागा मोकळी केली, की त्याचा रस्ता तुटला.

आणि आज राया जातात त्या अशाच. मामांच्या नात्यातलं एक गाव आहे, नाव सांगत नाही. तिथला देव उघड्यावर होता. शेंदूर लावलेल्या शिळा, वर झाडं. या देवाला छप्पर चालत नाही, असं गाव पिढ्यान्‌पिढ्या मानत आलं होतं. कुणी झोपडी घातली तर वाऱ्यानं उडून जाते अशी गोष्टही होती. ती गोष्ट सांगणारी माणसं म्हातारी झाली, मुंबईला गेलेल्या पोरांच्या हाती चार पैसे आले, आणि देवाला चांगलं देऊळ हवं अशी टूम निघाली. हेतू वाईट नव्हता. देऊळ बांधायला पैसे कमी पडले, तेव्हा देवाच्या कामाला देवाचीच झाडं विकली तर काय झालं, असं कुणीतरी म्हटलं. ठेकेदार आला. आता तिथं रंगीत सभामंडप आहे, फरशी आहे, लाउडस्पीकर आहे. झाडं मोजकी उरली. मार्च लागला की झरा आटतो. हे मी एकट्या मामांकडून ऐकलेलं नाही. कोकणात आणि घाटावर अशी गावं मी पाहिली आहेत, आणि दर वेळी संताप येतो. देव तोच ठेवून त्याचं घर विकता येतं, हे लोकांना पटवून देणारी भक्ती मला भक्ती वाटत नाही. बिनछपराच्या देवाची ती जुनी गोष्ट जिवंत होती तोवर आभाळच त्याचं छप्पर होतं आणि आभाळाखाली झाडं होती. गोष्ट विसरली गेली आणि दहा वर्षांत रान गेलं. कुऱ्हाड नंतर आली.

उन्हं कलल्यावर आम्ही राईतून बाहेर पडलो, कोयता आणि पायताणं घेतली आणि कड्यावर गेलो. समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके, खाली मुरबाडकडची गावं. आहुपे घाटाची वाट इथूनच खोपिवलीला उतरते. या काठावर पडलेला पाऊस एका हाताला गेला तर कोकणात, अरबी समुद्रात. दुसऱ्या हाताला गेला तर घोड नदीत, कारण घोड याच माथ्यावरून निघते. ती डिंभे भरते, खाली जाऊन भीमेला मिळते, आणि भीमा पंढरपूरला चंद्रभागा होते. शेजारच्या भीमाशंकरची गोष्ट सांगते की त्रिपुरासुराला मारून दमलेल्या शंकराच्या घामाची भीमा झाली. घाम काय, डोंगराच्या अंगातून झिरपणारं पाणीच ते. आषाढी-कार्तिकीला वाळवंटात पाय बुडवणाऱ्या माणसानं एकदा इथं येऊन पाचोळ्याखाली हात घालून पाहावा असं मला फार वाटतं.

संध्याकाळी मामांच्या ओट्यावर त्यांचा भाचा आला. बी.एस्सी. झालेला, गावच्या लोकजैवविविधता नोंदवहीचं काम अंगावर घेतलेला. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार अशी नोंदवही गावोगाव व्हायला हवी. बऱ्याच ठिकाणी ती कुठल्या तरी एजन्सीकडून छापून येते आणि कपाटात जाते. हा पोरगा मात्र ती खरी करायला निघाला होता. मामा एकेक नाव सांगत होते, तो लिहीत होता. गारंबी. हिरडा. पिसा. नरक्या. नरक्याशी तो थांबला आणि मला म्हणाला, "ताई, याच्यापासून कॅन्सरचं औषध निघतं ना? म्हणून चोरून तोडतात." खरंच आहे, कॅम्पटोथेसिन त्यातून मिळतं आणि त्यापायी सह्याद्रीतून हे झाड ट्रकनं गेलं आहे. त्यानं ते लिहून घेतलं.

मी त्याला विचारलं, नियम कुठं लिहिणार? लोखंड आत न्यायचं नाही, पडलेलं लाकूड उचलायचं नाही, होळीला किंवा देवाच्या कामाला हवंच तर कौल लावून मगच, हे?

"तसा रकानाच नाही, ताई."

मामा पुढे सरकले. "नुसती नावं लिहून काय व्हनार? नाव तर त्या ठेकेदाराला बी ठावं हाय. ती चकव्याची लिही."

"मामा, सरकारी वही आहे ती. हसतील."

"हसू दे. वाचतील तर खरं."

भाचा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, लिही. सांगणाऱ्याचं वय, कुणाकडून ऐकली, राईच्या कोणत्या बाजूची, सगळं लिही. उद्या कुणी सभामंडपाचा ठराव घेऊन आला तर ग्रामसभेत ते पान उघडता येईल. त्यावर थोडा वाद झाला. गोष्ट किती लांबीची घ्यायची, आज्याचं नाव घालायचं की नाही, तो माणूस कुठल्या गावचा होता हे लिहिलं तर त्या गावची माणसं रागावतील का. शेवटी गावाचं नाव गाळायचं ठरलं. मामींनी आतून सांगितलं की फांदी जांभळाची नव्हती, पिशाची होती, आणि मामांनी ते मान्य केलं. भाच्यानं पिशाच्या नावासमोरचा शेऱ्याचा रकाना पट्टीनं खालपर्यंत वाढवून घेतला आणि पहिल्यापासून सांगा म्हणाला.